वजाबाकीतली माणसे

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांतील ज्या गावांना लष्करी चाकरीची जुनी परंपरा आहे, त्यांतून हिंडणाऱ्या माणसास चावडीच्या भिंतीत, देवळाच्या ओवरीशी अगर शाळेच्या दर्शनी बाजूस बसविलेली एक लहानशी शिळा पुष्कळदा आढळते. १९१४ सालच्या महायुद्धास या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढाच मजकूर तीवर कोरलेला असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली, आणि पुढच्या प्रत्येक पिढीने पलटणीत माणसे धाडण्याचा क्रम इतक्या निष्ठेने चालविला की 'अपशिंगे मिलिटरी' हेच त्या गावाचे नाव होऊन बसले. शिळेवर गेलेल्यांचा आकडा असतो, मेलेल्यांचा असतो. या दोहोंची वजाबाकी करण्याचे काम मात्र वाचणाऱ्यावर सोपविलेले असते. ती केली म्हणजे जी बाकी उरते ती परत आलेल्या माणसांची. त्यांना नेले कोणी, हे सर्वांस ठाऊक आहे. परत आणल्यावर सोडले कोठे, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांनी कोणत्या कामावर पोट भरले, हे सांगणारा दगड कोणी बसविलेला नाही. या लेखाचा विषय ती बाकी आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत हा प्रश्न या रूपाने उभा राहिलाच नव्हता, कारण मुलकी आणि लष्करी हा भेद तेव्हा हुद्द्यांत होता, माणसांच्या आयुष्यात फारसा नव्हता. सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचा जो शिरस्ता नोंदविला आहे, त्याप्रमाणे दसऱ्यास फौजेने मुलूखगिरीस बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात काढावेत आणि पावसाळ्यास आपल्या मुलखात छावणीस यावे, असे वर्षाचेच दोन भाग पाडलेले होते. घोडे स्वतःचे असलेला शिलेदार असो की सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असो, त्याचे मूळ गावात, वतनात, शेतात रुजलेले असे, आणि तलवार खुंटीला टांगली म्हणजे हाताला नांगर लागत असे. जो लढाईत पडला त्याच्या मुलांना बालपरवेशी म्हणून नख्त मोईन अगर जमीन देण्याची चाल होती, आणि पेशवे दफ्तरातील हिशोबांत या शब्दाखाली घातलेल्या रकमा आजही वाचावयास मिळतात. ही व्यवस्था धन्याच्या मर्जीवर अवलंबून होती, हे खरे. परंतु शिपायाने परत येऊन काय करावे असे त्या काळी कोणी विचारले असते, तर ऐकणाऱ्यास प्रश्नच कळला नसता.

प्रश्न निर्माण झाला तो १८१८ साली. पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि ज्यांच्या कुळांनी दीड शतक शस्त्रावर उपजीविका केली होती, अशा हजारो माणसांना नव्या राज्यकर्त्यांनी घरची वाट दाखविली. त्यांपैकी काहींना कंपनीच्या पलटणींनी आणि पुण्याच्या रिसाल्याने सामावून घेतले. उरलेल्यांचे काय झाले याची उत्तरे बंडांच्या इतिहासात सापडतात. पुरंदरच्या परिसरातील रामोशांचा गडाच्या राखणीचा वंशपरंपरागत हक्क गेला, आणि त्याच हक्काच्या भांडणातून उमाजी नाईकाचे नाव सर्वतोमुखी झाले. १८३२ साली पुण्यास त्याला फाशी देण्यात आले तरी त्यामागचे गाऱ्हाणे त्याच्याबरोबर मेले नाही. पुढे १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड उद्भवले. सामानगड, भुदरगड येथील गडकरी किल्ल्याच्या चाकरीबद्दल ज्या जमिनी खात होते, त्यांचा कारभार गडावरून काढून मामलेदाराच्या हाती देण्याचा हुकूम निघाला, आणि या एका हिशोबाच्या बदलात त्या मंडळींनी आपल्या चाकरीचा शेवट अचूक ओळखला. कारभाऱ्यांच्या दृष्टीने ही केवळ वसुलाची सोय होती. गडकऱ्यांच्या दृष्टीने मात्र शिपायाला रयत करण्याचा तो हुकूम होता, आणि रयत झाल्यावर खावे काय, याचे उत्तर त्या हुकमात कोठेही लिहिलेले नव्हते.

कंपनी सरकारने स्वतःच्या शिपायांपुरते या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याचे नाव पेन्शन. 'पेन्शनीत येणे' हा वाक्प्रचार मराठीत रुळला तो या पलटणींतून, आणि त्याचे एक ठाणे कोकणात आजही ओळखू येते. दक्षिण कोकणची लष्करी छावणी म्हणून १८१८ साली दापोलीची निवड झाली. १८४० च्या सुमारास तेथून खडे सैन्य हलविल्यावरही वयस्क शिपायांची एक पलटण १८५७ पर्यंत तेथे ठेवलेली होती, आणि 'कॅम्प दापोली' हे नाव तर छावणी गेल्यानंतरही टिकून राहिले. सागरी हवा, अल्प खर्च आणि आजूबाजूस आपल्यासारखेच पलटणीतले शेजारी, यांमुळे पेन्शनीत आलेली कुटुंबे या गावी वस्तीस राहू लागली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले ते दापोलीसच येऊन राहिले, आणि त्यांनी लेखणी हाती घेऊन अस्पृश्यतेविरुद्ध जे कार्य आरंभिले त्याला लष्करात मिळालेल्या अक्षरज्ञानाचे आणि आत्मविश्वासाचे पाठबळ होते.

परंतु पेन्शनीने पोट भरत असले तरी पस्तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाचा दिवस भरत नाही, आणि मुले शिकवावयाची असल्यास पोटही पुरते भरत नाही. तेव्हा दुसरी चाकरी पाहणे प्राप्तच होते. ती मिळविण्याचा त्या काळचा मार्ग म्हणजे साहेबाची चिठी. हवालदाराने अगर नाईकाने आपल्या जुन्या कप्तानाकडून 'हा मनुष्य इमानी आहे, कवायतीत तयार आहे, दारू पीत नाही' अशा आशयाचे चार ओळींचे शिफारसपत्र आणावे, ते मेणकापडात गुंडाळून जपावे, आणि कलेक्टर कचेरीपासून बंदराच्या गोदामापर्यंत प्रत्येक दारी ते उलगडून दाखवावे. पट्टेवाला, जमादार, पहारेकरी, रेल्वेचा फाटकवाला अशा जागा या चिठ्यांवर भरल्या जात. ज्याचा साहेब विलायतेस निघून गेला त्याची चिठी जुनी झाली. ज्याचा साहेब लढाईत पडला त्याला चिठी मिळालीच नाही. नोकरी गुणावर मिळे, असे म्हणता येईल. पण तो गुण एका व्यक्तीने पाहिलेला आणि त्याच व्यक्तीने लिहून दिलेला असावा लागे.

पेन्शनीनंतरच्या या दुसऱ्या चाकरीचे आपणां सर्वांस परिचित असे उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. लष्करी शाळेत अध्यापन करून ते निवृत्त झाले, काही काळ कुटुंबासह दापोलीस राहिले आणि नंतर साताऱ्यास आले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलावाचे काम काढले होते. तेथे रामजी खजिनदाराच्या जागेवर होते. त्यांना भेटण्यास १९०१ साली साताऱ्याहून निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यानंतर जात कळताच गाडी मिळेनाशी झाली, गाडीवानाने बैल हाकण्याचे नाकारले आणि रात्रभर पाण्यावाचून राहावे लागले, ही हकीकत त्या मुलांपैकी भीमरावाने पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. छावणीत ज्याला सुभेदारसाहेब म्हणून सलाम मिळे, त्याच्या मुलांना छावणीच्या बाहेर वीस पावलांवर केवळ जात उरे. मुलकी नोकरी मिळाली म्हणजे मुलकी समाजात जागा मिळाली असे होत नाही, हा धडा त्या प्रसंगात आहे; आणि हाच भीमराव काही दशकांनी या कथेत पुन्हा येणार आहे.

पहिल्या महायुद्धाने चिठीची पद्धत मोडकळीस आणली, कारण माणसांची संख्याच तिच्या आटोक्याबाहेर गेली. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी रणांगणांवर गेली. मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, आणि त्यांतील १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या पलटणी कूतच्या वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शत्रूच्या हाती पडल्या. जे जगले ते परतले तेव्हा घरी इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेलेली होती आणि धान्य महागलेले होते. याच सुमारास, १९१९ साली, सरकारने भरतीसाठी निर्मिलेल्या युद्धकालीन मंडळाच्या जागी 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापिले, आणि त्याच्या आधाराने प्रांतोप्रांती व जिल्ह्याजिल्ह्यांत बोर्डे उभी राहिली. खेड्यापाड्यांतून 'सोल्जर बोर्ड' हा शब्द जो रुळला तो आजतागायत. पुढे १९५१ साली मध्यवर्ती बोर्डाच्या नावात नाविक आणि वैमानिक यांचा समावेश झाला, १९७५ साली ते 'केंद्रीय सैनिक बोर्ड' झाले, पण वयस्क फौजी मात्र 'सोल्जर बोर्डात जाऊन येतो' असेच सांगून घरातून निघतो.

या बोर्डांनी पेन्शनीचे तंटे मिटविले, विधवांचे अर्ज पुढे धाडले, मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. परंतु काम देणे त्यांच्या हाती नव्हते. शिफारस करणे हाती होते, म्हणजे साहेबाच्या चिठीची जागा बोर्डाच्या चिठीने घेतली, इतकेच. पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहतींत निवृत्त शिपायांना जमिनी देण्याचा मार्ग सरकारास मोकळा होता. दख्खनच्या कोरडवाहू मुलखात तितके पाणी नव्हते. शिवाय ज्यांची पलटणच मोडली, त्यांना परंपरेचा आधारही उरला नाही. १९१७ साली उभारलेली १११ महार पलटण १९२१ पर्यंत मोडली गेली, आणि चाकरीची जी वाट पंचवीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर उघडली होती ती चार वर्षांत बंद झाली. कोकणातला आणि घाटावरचा परतलेला शिपाई मग मुंबईची वाट धरी, आणि गिरणीच्या सांच्यावर अगर गोदीच्या फाटकावर जाऊन उभा राही.

खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धाने. १९३९ साली जे सैन्य दोन लाखांच्या आसपास होते, ते युद्ध संपताना वीस लाखांच्या वर गेलेले होते, आणि त्यातील बहुसंख्यांना घरी पाठविणे क्रमप्राप्त होते. शिवाय हा शिपाई पूर्वीच्यासारखा राहिला नव्हता. त्याला मोटार हाकता येत होती, इंजिन उघडता येत होते, बिनतारी यंत्रावर संदेश घेता येत होता, भांडारातील मालाच्या याद्या ठेवता येत होत्या. अशी माणसे एकाएकी गावाच्या पारावर आणून बसविणे धोक्याचे आहे, हे १८१८ नंतरचा इतिहास न वाचलेल्या अधिकाऱ्यासही उमगत होते. म्हणून जुलै १९४५ मध्ये, जपानशी युद्ध चालू असतानाच, हिंदुस्थान सरकारच्या मजूर खात्याखाली पुनर्वसन व सेवायोजन यांचे एक महासंचालनालय स्थापन झाले, आणि त्याच्या विद्यमाने शहरोशहरी 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' उघडू लागले. १९४६ च्या अखेरीस त्यांची संख्या ७१ झाली होती. प्रारंभी या कचेऱ्यांची दारे सैन्यातून मुक्त झालेल्यांना आणि युद्धकार्यातून कमी केलेल्या कामगारांनाच खुली होती; इतर बेकारांना तेथे प्रवेश नव्हता.

ज्या मजूर खात्याखाली ही योजना आकारास आली, त्याचे सभासद म्हणून १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कोण बसत होते, हे सांगितले म्हणजे वर सोडलेला धागा पुन्हा हाती येतो. ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होते. योगायोगाला कारण म्हणून उभे करणे इतिहासलेखकाने टाळावे, आणि अशा प्रचंड यंत्रणेमागे युद्धोत्तर भीती, विलायतेतील नमुना आणि अनेक अधिकाऱ्यांचे परिश्रम होते हेही विसरू नये. तरीपण पेन्शनीत आलेल्या सुभेदाराच्या मुलाच्या कारकिर्दीत शिपायाच्या हातातली चिठी जाऊन त्या जागी सरकारी नोंदवहीतला क्रमांक आला, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवण्याजोगी खचित आहे. चिठी देणाऱ्याने माणूस ओळखावा लागे. नोंदवहीला माणूस ओळखण्याचे कारण नव्हते. तिला त्याचे शिक्षण, अनुभव आणि नोंदणीची तारीख पुरेशी होती.

या नव्या कचेरीचे कार्य वरकरणी साधे होते. उमेदवाराने यावे, डिस्चार्जचे कागद दाखवावेत, कारकुनाने त्याची मुलाखत घेऊन एक पत्र भरावे, आणि मालकाकडून मागणी आली म्हणजे त्या त्या कामाची पत्रे काढून नावे धाडावीत. अवघड भाग होता तो भाषांतराचा. 'ड्रायव्हर एम.टी.' याचा मुलकी अर्थ कोणासही कळे, भांडारवाल्याचा थोडा प्रयत्न केल्यास कळे, तोफखान्यातील अंतरमापकाचा कळणे कठीण, आणि ज्याने दहा वर्षे रायफल खांद्यावर घेऊन खंदक राखला त्या सामान्य पायदळ शिपायाच्या विद्येला तर मुलकी कोशात शब्दच नव्हता. माणसे सांभाळणे, वेळ पाळणे, अंधारात वाट न चुकणे, भ्यालेल्याला धीर देणे या त्याच्या कसबांना पत्रावर रकाना नव्हता, म्हणून त्याच्या नावापुढे पुष्कळदा एकच शब्द पडे: वॉचमन. १९५८ साली व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध होऊन प्रत्येक धंद्यास क्रमांक मिळाला, तरी खंदकातल्या दहा वर्षांस कोणता क्रमांक द्यावा, ही अडचण पुरती सुटली नाही. आजही बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसलेला माजी सैनिक ही त्या अपुऱ्या भाषांतराची साक्ष आहे.

पुढची दहा-पंधरा वर्षे या संस्थेच्या विस्ताराची आणि एका अर्थी विस्मरणाचीही आहेत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी तिची दारे उघडली, १९४८ च्या आरंभी ती सर्वच बेकारांना खुली झाली, आणि युद्धावरून परतलेल्यांना हातचे काम शिकविण्यासाठी काढलेल्या प्रशिक्षणवर्गांतूनच १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आपल्या परिचयाच्या आय.टी.आय.ची परंपरा उगम पावली. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी या कचेऱ्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. तोच दिवस द्वैभाषिक मुंबई राज्याच्या जन्माचा. रिकाम्या जागा कळविणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली झाला आणि अमलात आला तो १ मे १९६० रोजी. तोच दिवस महाराष्ट्राच्या जन्माचा. सरकारी मराठीने या कचेरीचे नाव 'सेवायोजन कार्यालय' असे ठेवले. कार्ड काढण्यासाठी सकाळपासून ओळीत उभ्या राहिलेल्या मॅट्रिक, एफ.वाय., बी.ए. झालेल्या तरुणांच्या पिढ्यांनी हे नाव आशेने आणि पुढे पुढे उपहासानेही उच्चारले; ती ओळ प्रथम शिपायांसाठी आखलेली होती, हे मात्र त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. आता ते नावही गेले. प्रथम 'रोजगार व स्वयंरोजगार' आणि मग 'कौशल्य विकास' अशी लांबच लांब पाटी त्या दारावर आली.

त्या कायद्याने मालकास जागा कळविण्यास भाग पाडले, माणूस घेण्यास नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी आरक्षणाचा मार्ग निघाला. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी तृतीय श्रेणीच्या जागांत १० टक्के व चतुर्थ श्रेणीच्या जागांत २० टक्के हिस्सा माजी सैनिकांस ठेवला. महाराष्ट्राने या दोन्ही श्रेणींत १५ टक्के ठेवला. पंधरा वर्षे सेवा केलेल्या मॅट्रिक जवानास काही जागांपुरते पदवीधराच्या बरोबरीने धरावे, असाही नियम झाला. पुण्यास सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची कार्यालये आहेत, आणि २००२ साली माजी सैनिकांचे महामंडळ, म्हणजे 'मेस्को', स्थापन झाले. म्हणजे दोनशे वर्षांत धन्याची मर्जी, साहेबाची चिठी, बोर्डाची शिफारस, कचेरीतील नोंद आणि अखेर कायद्यातील हक्क, इतक्या पायऱ्या हा प्रश्न चढून आला. परंतु या हक्काच्या जागांपैकी कित्येक, पात्र उमेदवार मिळाला नाही असा शेरा पडून, दुसऱ्यांस जातात. कधी टंकलेखनाचा दाखला नसतो, कधी जाहिरात सीमेवर पोचेपर्यंत मुदत उलटते.

या सर्व नियमांत मला सर्वांत मानवी वाटतो तो वयाचा नियम. उमेदवाराच्या आजच्या वयातून त्याने लष्करात काढलेली वर्षे वजा करावीत, आणि जे वय उरेल ते कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसेल तर त्यास पात्र समजावे, असा तो आहे. चाळिसाव्या वर्षी पेन्शनीत आलेल्या जवानाने सतरा वर्षे सेवा केलेली असेल, तर अर्ज तपासणारा कारकून समासात पेन्सिलीने ४० मांडतो, खाली १७ मांडतो, रेघ ओढतो आणि २३ लिहितो. गावच्या शिळेने जी वजाबाकी वाचणाऱ्यावर सोडली होती, ती अशा रीतीने एका सरकारी कागदावर झालेली असते, आणि गेलेली सतरा वर्षे हिशोबापुरती तरी माणसाला परत मिळालेली असतात. कागदावर तेवीस वर्षांचा झालेला तो उमेदवार मग पोलीस भरतीच्या अर्जाची दुसरी प्रत मागून घेतो. ती घरी बारावीच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या त्याच्या मुलासाठी असते.